पिशवीचं ऑपरेशन

हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशी जिन्यातच मला कळलं, की माझी गर्भपिशवी काढली आहे.

समोरच्या वहिनी दारात उभ्याच होत्या. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं दार आणि आमचं दार अगदी समोरासमोर, मध्ये चपला काढण्यापुरती जागा. त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटलीसुद्धा काढून घेतली आणि म्हणाल्या, "पोटावर अजिबात ताण घ्यायचा नाही हं वहिनी. पिशवीच्या ऑपरेशनला जपावं लागतं. माझं झालंय ना, मला विचारा." मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कुलपात किल्ली फिरवत होते आणि रोज लागणारी किल्ली नेमकी तेव्हाच लागत नव्हती.

माझ्या पोटाला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. माझा उजवा स्तन काढला होता, आणि त्याच बाजूच्या काखेतल्या गाठी. खांद्याला शबनम अडकवलेली होती, तिच्यात जखमेतलं पाणी साठवणारी बाटली होती आणि बाटलीची नळी पदराखालून माझ्या अंगात गेलेली होती. वहिनींनी शबनमलाही हात घातला. "ही द्या इकडे, ओझं नको." मी ती घट्ट धरून ठेवली. त्यांना वाटलं असेल, हिचे पैसे-दागिने आहेत त्यात.

दार लावून घेतल्यावर मी ह्यांना विचारलं, "हे काय सांगून ठेवलंय तुम्ही?"

"मग काय सांगायला हवं होतं?" हे म्हणाले. "कंपनीत विचारतात, बिल्डिंगमध्ये विचारतात. काय झालं, कुठे झालं. कुठे झालं म्हणून सांगू?"

हे सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. दिवसभर मशीनच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी तळमजल्यावर ऐकू जायचं. शिव्या तर अशा तोंडात, की ऐकणाऱ्याने कान धरावेत. पण हा एक शब्द ह्यांच्या तोंडून निघेना. डॉक्टरांसमोरही "ते", "तिथलं", "वरच्या बाजूचं" असंच चालायचं. मला राग आला. पण खरं सांगायचं तर मलाही तो शब्द कुठे येत होता? गाठ लागली तेव्हा मीसुद्धा ह्यांना पदरावर हात ठेवून "इथे काहीतरी लागतंय" एवढंच म्हणाले होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं, घरात रंगीत टीव्ही होता, पण कॅन्सर म्हणायचं झालं तर लोक अजून दाराकडे बघून आवाज खाली करायचे. त्यातून असल्या जागेचा कॅन्सर. ह्यांनी सांगितलेलं खोटं ऐकून राग आला त्याच क्षणी बरंही वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली होती.

पिशवीचं ऑपरेशन म्हणजे कसं, घरंदाज दुखणं. आमच्या बिल्डिंगमध्ये चाळिशीच्या पुढची निम्मी बाईमंडळी त्यातून गेलेली. त्यात लपवण्यासारखं काही नसायचं. मी त्यांच्यात आयती जाऊन बसले. मुलगी तेव्हा सातवीत होती, तिलाही तेच सांगितलं.

सर्जन तरुण होते आणि फटकळ. घरी सोडताना त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "छातीची जखम भरेल, तिची काळजी नको. जपायचाय तो हात. हातातलं पाणी वाहून न्यायचं काम त्या गाठी करत होत्या. त्या आता नाहीत. या हाताला कापू द्यायचं नाही, भाजू द्यायचं नाही, सुई टोचून घ्यायची नाही, सारखं जोराचं काम करायचं नाही. सूज एकदा मुक्कामाला आली तर पुरती जात नाही." गाठी तपासणीला पाठवल्या होत्या. त्यातली एकही बिघडलेली निघाली नाही, म्हणून मोठी इंजेक्शनं टळली, गोळ्यांवर भागलं. सगळे म्हणाले, नशीब. मी मनात म्हटलं, गाठी चांगल्या होत्या आणि तरी काढल्या, कारण काढल्याशिवाय त्या चांगल्या आहेत हे कळणार नव्हतं. असं नशीब माझंच असायचं.

निफाडकडून आई येऊन राहिली. खरं काय ते घरात आम्हा तिघांनाच माहीत. दंडाची आतली बाजू बधिर झालेली होती. तिथे हात लावला की दुसऱ्याच कुणाला तरी हात लावल्यासारखं व्हायचं. काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली एक दोरी ताणल्यासारखी दिसायची, हात वर केला की ती आवळायची. वेणी घालता येईना. भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम दिला होता, तो मी स्वयंपाकघराच्या दारामागे कडी लावून करायची. आई पेन्सिलने भिंतीवर खूण करायची. "लय ताणू नको," ती म्हणायची. "आज इथवर आला, उद्या आजून वर जाईल. हात हाय तर सगळं हाय."

नळी निघाल्यावर प्रश्न आला ब्लाउजचा. एक बाजू भरलेली, एक सपाट. रुमाल कोंबून पाहिले, ते वर सरकायचे. आईने माळ्यावरच्या पेटीतून मुलीची तान्हेपणीची मोहरीची उशी शोधून काढली. तिच्यावर झोपवलं की बाळाचं डोकं गोल होतं म्हणून आईनेच ती शिवलेली होती. ती उसवून, तिच्यातली मोहरी मऊ मलमलीत भरून तिने एक गोलसर गादी शिवली. वजनाला बरोबर, हाताला थंड. "पोरीचं डोकं गोल केलं हिनं, आता तुझं अंग सारखं दिसतंय बघ," आई म्हणाली. मी हसले, आणि मग मोरीत जाऊन रडले.

ह्यांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये ड्रेसिंगची वेळ झाली की हे खाली चहाला जायचे. घरी मी कपडे बदलायला लागले की गॅलरीत. मीही आतून कडी घालून घ्यायची. त्यांनी बघितलं नाही आणि मी दाखवलं नाही, असं दोघांचं न बोलता ठरून गेलं.

इकडे बिल्डिंगने माझ्या नसलेल्या दुखण्याची सेवा सुरू केली होती. मला खालच्या टाकीवरून हंडा आणू देईनात. खाली बसू देईनात. समोरच्या वहिनींनी डिंकाचे लाडू करून पाठवले, कंबर भरून येते म्हणून. दुपारी कुणी ना कुणी येऊन बसायचं आणि आपल्या पिशवीची कहाणी सांगायचं. अंगावर किती जायचं, कुणाची सासू काय म्हणाली, ऑपरेशननंतर नवऱ्याने कसं वागवलं. नवऱ्यालासुद्धा सांगितल्या नसतील अशा गोष्टी त्या मला सांगत होत्या, का तर मी त्यांच्यातली झाले होते. मी मान हलवायची. टाके आतून ओढतात का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, हो ना, उन्हं वाढली की जास्त. एकदा तर मी बेंबीखाली हात ठेवून सांगितलं, इथे. त्या बायका गेल्या की मला स्वतःचीच शिसारी यायची आणि मी त्यांचाच लाडू खायची.

हात मात्र हळूहळू आपलं खरं रूप दाखवायला लागला. आधी अंगठी रुतली. मग बांगड्या मनगटावर खुणा सोडायला लागल्या, तेव्हा त्या सगळ्या डाव्या हातात घातल्या. संध्याकाळी ब्लाउजच्या बाहीचा वळ दंडावर उठायचा. उशीवर हात उंच ठेवून झोपलं की सकाळी बरा असायचा. द्राक्षांची खुडणी सुरू झाली म्हणून आई गावी परतली. जाताना पुन्हा तेच म्हणाली, हाताला जप.

आणि पापडांचे दिवस आले.

आमच्याकडे उडदाचे पापड एकटीने कुणी करायचं नाही. सगळ्यांनी मिळून एकेकीच्या घरचे उरकायचे. आज हिचा नंबर, उद्या तिचा. ज्या घरी नंबर असेल तिने पीठ भिजवून ठेवायचं, बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सकाळीच जायचं. जिचे हात तुमच्यासाठी राबले, तिच्या घरी तुमचे हात राबलेच पाहिजेत. यात कुणी कुणाला आठवण करून देत नसे, तशी वेळच येत नसे. त्या वर्षी माझं ऑपरेशन झालं म्हणून सगळ्यांनी मिळून पहिला नंबर माझा लावला. ऊन तापायच्या आत माझ्या घरचे पापड लाटून, गच्चीवर वाळवून, डब्यात भरून दिले. मला पोळपाटाजवळ येऊ दिलं नाही. फक्त चहा केला मी.

म्हणजे आता सगळ्यांच्या घरी माझे हात द्यायचे होते.

समोरच्या वहिनी सांगायला आल्या तेव्हा हे घरीच होते, सेकंड शिफ्ट होती. "तुम्ही काही कुटायचं-उचलायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "खालीसुद्धा बसायचं नाही. टेबल-खुर्ची देतो, बसून नुसतं लाटायचं. पोटाला काय त्रास? आणि तुमच्यासारखा पातळ पापड आमच्यापैकी कुणाला येतो?" त्यांचंही बरोबरच होतं. पिशवीच्या बाईला लाटण्याची कसली भीती. त्यांनी माझ्या पोटाला तळहातावर धरलं होतं आणि माझ्या हातात लाटणं देत होत्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता तरी हे काहीतरी बोलतील. सर्जनने सांगितलं तेव्हा शेजारच्याच खुर्चीवर होते. ह्यांनी पेपरचं पान उलटलं.

"येते की," मी म्हणाले.

पापडाचं पीठ म्हणजे पोळीची कणीक नव्हे. कुटून कुटून तयार केलेला दगडी गोळा तो. लाटीवर खांद्यापासून जोर द्यावा लागतो. पंखा लावायचा नाही, पापड वाळून कडेला चिरतात. बंद खोलीत, मार्चच्या उन्हात, आम्ही घामाघूम होऊन लाटत होतो. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. कितीतरी दिवसांनी माझा हात कशाला तरी उपयोगी पडत होता. माझा पापड उजेडाला धरून बायका एकमेकींना दाखवत होत्या. संध्याकाळी हात जड व्हायचा, मी तो उशीवर ठेवायची. सकाळी पुरता उतरलेला नसायचा, तरी पोळपाट उचलून दुसऱ्या घरी जायची. ह्यांना हात दिसत होता. "जास्त करू नकोस," असं म्हणायचे आणि कामावर निघून जायचे.

तळमजल्यावरच्या घरी नंबर होता त्या दिवशी पीठ फारच घट्ट झालेलं. लाट्या कापायच्या दोऱ्याने माझ्या उजव्या अंगठ्याजवळ बारीकसं कापलं. मी बोट तोंडात धरलं आणि पुढे लाटत राहिले. घामाने ब्लाउज अंगाला चिकटला होता आणि आतली गादी दर लाटीला वर सरकत होती. मी मधून मधून पदर सारखा करायच्या निमित्ताने ती खाली ओढत होते. "अहो, पदर खोचा ना कमरेला, शिजून निघाल," शेजारची म्हणाली. मी नको म्हटलं. पुढची लाटी लाटायला घेतली आणि पापड टरकन फाटला. पाहते तो मध्ये एक काळा दाणा. मिरी असेल म्हणून काढून टाकला. पुढच्या पापडावर आणखी दोन.

गादीची शिवण उसवली होती. पदराखालून, ब्लाउजच्या कडेने, माझ्या अंगातून मोहरी सांडत होती.

"पिठात मोहरी कुठून आली?" समोरच्या वहिनींनी एक दाणा चिमटीत धरून उजेडाकडे नेला. सगळ्यांची लाटणी थांबली. पीठ तपासलं, मिरी-हिंगाचं वाटण तपासलं, आणि शेवटी गिरणीवाल्याच्या नावाने बोटं मोडून झाली, की आधीच्या कुणाची मोहरी पाट्यात राहिली असणार. मीही म्हणाले, हल्ली कुणी लक्षच देत नाही. म्हणत असताना डाव्या हाताने छाती दाबून धरली होती. मग कळ आली असं सांगून मी उठले. दोघी जणी मला पोटाला धरून वरपर्यंत सोडायला आल्या. जिन्याच्या पायऱ्यांवर दाणे पडत होते आणि त्यांच्या पायाखाली ते येऊ नयेत एवढंच मी मनात म्हणत होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. चोरी करताना धरलं असतं तरी वाटली नसती.

त्या रात्री हुडहुडी भरून ताप आला. सकाळी हात लाल, गरम आणि कोपराच्या खाली खांबासारखा झाला होता. सर्जननी हात पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "काय केलंत?"

"पापड," मी म्हणाले.

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही काय करत होता?" डाव्या हातातून सलाईन आणि औषधं सुरू झाली. ताप उतरला, लाली गेली. सूज थोडी उतरली आणि उरलेली राहिली. सर्जन म्हणाले होते तशीच ती मुक्कामाला आली. पुढे, दोन हजार साल उलटल्यावर, मुंबईहून दाब देणारी लवचिक बाही मागवता यायला लागली, पट्ट्या बांधायला शिकवणारी माणसं नाशिकमध्येही आली, आणि शिंप्याला माझ्या दोन बाह्यांची दोन मापं पाठ झाली. तेव्हा यातलं काही नव्हतं. हात उशांवर चढवून पडून राहायचं, एवढाच उपाय.

बिल्डिंगला सांगितलं, मलेरिया.

शेवटचा नंबर समोरच्या वहिनींचा. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, म्हणून त्यांचं पीठ सगळ्यांपेक्षा जास्त. माझे पापड लाटायला त्या पहिल्या दिवशी पहिल्या आल्या होत्या आणि शेवटच्या उठल्या होत्या. मी गाऊनवर, हात उशांवर ठेवून पडलेली. मुलगी शाळेत गेली होती. समोरून कुटण्याचा आवाज यायला लागला. "त्यांना सांगून या," मी ह्यांना म्हणाले. "म्हणावं ताप आहे, येता येत नाही. वाईट वाटतंय म्हणून सांगा."

हे उठले. स्वयंपाकघरात गेले. बाहेर आले तेव्हा ह्यांच्या एका काखेत पोळपाट होता आणि हातात माझं लाटणं.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझे हात द्यायचे आहेत ना," हे म्हणाले, आणि दार ओढून घेऊन गेले.

मला काही सुचेना. एवढं कळलं, की बिचारीला बरं नाही म्हणून आता बायका बघायला येणार. गाऊनमध्ये मला कुणी पाहायला नको होतं. मी उठले, मोहरीची गादी घाईघाईने शिवून ठेवली होती ती घेतली, कपाटातून ब्लाउज काढला. डाव्या हाताने उजवी बाही ओढून ओढून दंडापर्यंत चढवली. ती कशी चढली देव जाणे. हुक लावले, साडी गुंडाळली आणि परत येऊन पडले.

समोरचं दार उघडंच होतं. आधी हशा ऐकू आला. "भाऊजी, तुम्ही?" "बसा बसा, तुम्हाला पण टेबल-खुर्ची देऊ का?" मग ह्यांच्या पहिल्या पापडावर आणखी मोठा हशा. "अहो, हा पापड आहे का पायपुसणं?" लाटण्याचा आवाज येत राहिला. माझ्या लाटण्याचा आवाज मी ओळखते, ते एका बाजूने जरा झिजलंय.

मग कुणीतरी विचारलं, "भाऊजी, वहिनींचे टाके ओढतात का हो अजून? उन्हाने पिशवीचे टाके फार ओढतात."

लाटणं थांबलं.

"पिशवीचं नव्हतं ते," हे म्हणाले.

ह्यांना हळू बोलता येत नाही. ह्यांचं हळू म्हणजे जिन्यातल्या माणसाला स्वच्छ ऐकू येणारं. "छातीचं होतं. कॅन्सर होता. उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठी पण काढल्या. त्या हाताला जोर द्यायचा नाही म्हणून डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. मी तुम्हाला पिशवीचं सांगितलं. मला बोलता आलं नाही. आता हात सुजलाय तिचा, तो काही पुरता उतरायचा नाही."

कुटण्याचा आवाजही थांबला. मग समोरच्या वहिनींचा आवाज आला. "म्हणजे त्या दिवशी ती मोहरी..." आणि त्या थांबल्या.

मला वाटायचं, कधीतरी हे खरं बोलतील आणि मला मोकळं वाटेल. काही मोकळं वाटलं नाही. भर जिन्यात कुणी अंगावरचं फेडल्यासारखं वाटलं. आधी मला न विचारता खोटं सांगितलं, आता मला न विचारता खरं सांगितलं. माझी छाती, माझी काख, आणि मी एकदा हॉस्पिटलात, एकदा आतल्या खोलीत. मी चादर तोंडावर ओढून घेतली. ज्या बायकांनी मला आपल्या पिशव्यांच्या कहाण्या सांगितल्या होत्या, त्या आता एकमेकींकडे बघत असतील. बेंबीखाली हात ठेवून मी "इथे" म्हणाले होते, ते त्यांना आठवत असेल.

थोड्या वेळाने आमच्या दारावर बोटं वाजली. "वहिनी," समोरच्या वहिनी म्हणाल्या. मी हूं की चूं केलं नाही. त्या तिथेच उभ्या होत्या, बांगड्या वाजल्या म्हणून मला कळत होतं. "झोपा तुम्ही," शेवटी त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. मी तुमच्या हातात लाटणं दिलं." चूक त्यांची नव्हती आणि त्या माफी मागत होत्या. तरी मला उठून दार उघडता आलं नाही. पुढे आयुष्यभर आम्ही एकमेकींकडे गेलो-आलो, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी वऱ्हाडाला वाढलं, पण त्या दिवशी दार उघडलं नाही हे मला अजून टोचतं.

हे दुपारी परत आले. मिशीला पीठ, शर्टाला पीठ. पोळपाट जागेवर ठेवला आणि खांदा चोळत पलंगाच्या कडेला बसले. "हात भरून आला गं," हे म्हणाले. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण खांदा चोळणारा हात मध्येच थांबला. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. बोलायचंच नाही असं मी ठरवलं होतं.

पण हात बोलायला लागला. बाही दंडात इतकी रुतली होती, की खाली बोटं काळीनिळी पडायला लागली होती. मी पांघरुणाखाली डाव्या हाताने ती सोडवायला पाहत होते, ती तसूभर हलेना. हुक काढले तरी बाही निघेना. हे बघत होते. नेहमीसारखे गॅलरीत गेले नाहीत.

"कात्री आण," मी शेवटी म्हणाले. ह्यांना मी कधी एकेरी बोलत नसे, त्या दिवशी तोंडातून गेलं.

हे कात्री घेऊन आले. बाही कापायची म्हणजे ब्लाउज उघडणार, गादी बाजूला काढावी लागणार, काखेपासून मधल्या हाडापर्यंतचा तो आडवा व्रण आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं सपाट उघडं पडणार. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलं होतं.

"पडदा ओढा आधी," मी म्हणाले.

हे कात्री हातात धरून उभे राहिले. खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पडदा ओढला तर मला दिसणार कसं?" हे म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू म्हणाले, मला एकटीला ऐकू येईल एवढंच.

मला लाज वाटत होती. ती तेव्हा गेली नाही, अजूनही पुरती गेलेली नाही. मी मान भिंतीकडे वळवली आणि हात त्यांच्यापुढे केला.